फ्यूज उडाला, पण कुणामुळे?

शीळफाट्यावरून मुंब्रा, महापे, पनवेल आणि कल्याणकडे रस्ते फुटतात. त्यांच्या आजूबाजूच्या शीळ, डायघर, पडले, खिडकाळी, देसाई, निळजे, काटई या गावांत लग्नसराई आली की हळदीला साउंड हवाच. आगरी घरची हळद बेंजो आणि साउंडशिवाय पार पडत नाही. शिवाय गणपती, नवरात्र, साईभंडारा आणि मैदानावरचे रात्रीचे क्रिकेट असतेच. साउंडवाल्याच्या टेम्पोत स्पीकरच्या ढिगाशेजारी चाकांवरचा एक लोखंडी रॅक असतो. त्याची रुंदी १९ इंच, आणि उंची युनिटमध्ये मोजतात. एक युनिट म्हणजे पावणेदोन इंच. वरच्या खणांत क्रॉसओव्हर आणि इक्वलायझर, खाली दोन-तीन युनिटचे जड ॲम्प्लिफायर.

हा रॅक ऐन कार्यक्रमात बंद पडला तर हातात वेळ थोडा असतो, कारण दहा वाजता आवाज थांबवायचाच आहे. मग एखादा पोरगा ॲम्पच्या मागचा फ्यूज काढतो, उडालेला बघतो आणि नवा घालतो. तोही उडतो. तिसऱ्या वेळी फ्यूजच्या जागी वायरीची एक तार पिळून बसवली जाते. एरवी पाचशे रुपयांत झाले असते ते काम इथून पुढे पाच हजारांचे होते.

उडालेला फ्यूज फेकू नये, आधी उजेडात धरून पाहावा. काचेच्या आतली तार मधोमध वितळून तुटली असेल आणि काच स्वच्छ असेल, तर प्रवाह थोडा जास्त होता पण बराच वेळ वाहत होता. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल, तर आत कुठेतरी थेट शॉर्ट आहे, आणि दुसरा फ्यूज घालून तो बरा होणार नाही. फ्यूजच्या टोपीवरचा छापही वाचावा. टी म्हणजे उशिरा उडणारा, एफ म्हणजे चटकन उडणारा. मोठ्या गोल ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चालू होताना क्षणभर मोठा प्रवाह ओढतो, म्हणून तिथे टी लागतो. एफ घातला तर धडधाकट ॲम्पही फ्यूज उडवेल.

आता बाकावर. झाकण उघडण्याआधी प्लग काढायचा आणि आतल्या कंडेन्सरमधली वीज उतरवायची. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्पमध्ये १०,००० मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर ८० व्होल्टला भरलेला असेल तर त्यात ३२ ज्यूल ऊर्जा असते, आणि असे चार-सहा कंडेन्सर असतात. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढण्याची पद्धत मला मान्य नाही. टर्मिनल जळते आणि कधी कंडेन्सरही जातो. होल्डरला दोन वायरी जोडलेला १०० वॉटचा बल्ब प्लस-मायनसच्या मध्ये धरला की तो क्षणभर लागतो आणि विझतो. मग मीटरने शून्य बघायचे. एसएमपीएसच्या, म्हणजे स्विचिंग सप्लायच्या, ॲम्पमध्ये मेन्सच्या बाजूचा कंडेन्सर ३२५ व्होल्टला भरलेला असतो, कारण २३० व्होल्ट एसीचे शिखर तेवढे असते. तो उतरवणारा रेझिस्टर जळालेला असेल तर प्लग काढल्यावरही तो बराच वेळ भरलेला राहतो. मेन्सवर काम करायचा सराव नसलेल्याने इथेच थांबावे आणि पुढचे नुसते वाचावे.

दुरुस्तीतले सगळ्यात मोलाचे अवजार सिरीज बोर्ड. एक होल्डर, एक सॉकेट, फेजच्या वायरीत सिरीजमध्ये साधा तारेचा बल्ब. एलईडी बल्ब इथे निरुपयोगी, कारण सगळी खुबी तापल्यावर रोध वाढवणाऱ्या तारेत आहे. १०० वॉटच्या बल्बचा रोध पेटलेला असताना सुमारे ५३० ओम असतो. थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. ॲम्प निरोगी असेल तर स्विच दाबताच बल्ब झगमगतो, कारण रिकामे कंडेन्सर भरत असतात, आणि दोन-तीन सेकंदांत जवळपास विझतो. ॲम्प शॉर्ट असेल तर बल्ब भकभकून पेटतो आणि तसाच राहतो. सगळे व्होल्टेज बल्ब स्वतःवर घेतो, प्रवाह अर्ध्या अँपियरच्याही आत अडतो, काहीही जळत नाही. मधलीच स्थिती, म्हणजे बल्ब निम्मा पेटून राहणे, हीही खबर आहे: काहीतरी गळते आहे, किंवा आउटपुट ट्रान्झिस्टरची बायस बिघडली आहे. मोठ्या ॲम्पला १०० चा बल्ब अपुरा पडतो, तिथे दोन समांतर लावावेत.

बल्ब पूर्ण पेटला तर पुढचा प्रश्न एकच: दोष सप्लायमध्ये आहे की सप्लायच्या पुढे? सप्लायमधून चॅनेलच्या बोर्डांकडे जाणाऱ्या प्लस, मायनस आणि ग्राउंडच्या वायरी सोडवायच्या आणि पुन्हा सिरीजवर लावायचे. बल्ब विझला तर सप्लाय सुटला. आउटपुटचे ट्रान्झिस्टर शॉर्ट आहेत. देशी ॲम्पमध्ये ते बहुधा ५२०० आणि १९४३ ही जोडी असते. लॅमिंग्टन रोडवर ती ढिगाने मिळते, नकलीही ढिगानेच. दिव्याहून लोकल पकडून तिथे जायचेच असेल तर नेहमीच्या दुकानातून घ्यावी आणि सगळी एकाच लॉटची घ्यावी. तो विषय वेगळा. आपण सप्लायवर राहू.

वायरी सोडवूनही बल्ब पेटलेलाच राहिला तर दोष मागे आहे. मग ब्रिजच्या, म्हणजे एसीचे डीसी करणाऱ्या डायोडच्या चौकडीच्या, एसीच्या दोन वायरी काढायच्या. बल्ब विझला तर ब्रिज किंवा कंडेन्सर, नाही विझला तर ट्रान्सफॉर्मर, किंवा त्याच्याही आधीची जागा: स्विच, वॅरिस्टर, फिल्टर. अशा प्रत्येक पायरीला निम्मे यंत्र संशयातून सुटते. सगळे भाग एकेक करून तपासत बसणारा मेकॅनिक मेहनती असतो, पण त्याची संध्याकाळ तिथेच जाते.

चौकोनी धातूचा ब्रिज तपासणे सोपे. कापलेल्या कोपऱ्याजवळचा पाय प्लसचा, त्याच्या तिरप्या समोरचा मायनसचा, उरलेले दोन एसीचे. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवला की प्रत्येक डायोड एका दिशेने साधारण अर्धा व्होल्ट दाखवतो, उलट दिशेने काहीच नाही. दोन्हीकडे शून्य म्हणजे गेला. बदलताना ३५ अँपियर, १००० व्होल्टचा घ्यावा, आणि चॅसिसला टेकणाऱ्या बाजूला हीटसिंक पेस्ट विसरू नये.

ब्रिजच्या पुढे कंडेन्सर, आणि साध्या सप्लायची बहुतेक रड इथेच असते. मेन्स ५० हर्ट्झची. ब्रिज लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो, म्हणून कंडेन्सर सेकंदाला १०० वेळा भरतो, दर १० मिलिसेकंदांनी एकदा. टँकरवर जगणाऱ्या सोसायटीची गच्चीवरची टाकी जशी दोन फेऱ्यांमधला वेळ भरून काढते, तसे मधल्या वेळात ॲम्प कंडेन्सरमधले पितो. हिशेब करून पाहू. १०,००० मायक्रोफॅरडमधून १० अँपियर १० मिलिसेकंद काढले तर व्होल्टेज १० व्होल्टने उतरते. कंडेन्सर सुकून निम्मा झाला असेल तर २० व्होल्टने. बेस वाजला की आवाज बसतो आणि फाटतो, तो यामुळे.

सुकलेला कंडेन्सर कानालाही कळतो. १०० हर्ट्झची घरघर पेटीवाल्यांच्या ओळखीची आहे, खालच्या पांढरी पाचला अगदी लागून. ती पट्टी ९८ हर्ट्झची. ५० हर्ट्झचा हम याच्या बरोबर एक सप्तक खाली असतो, आणि तो बहुतेक वेळा सप्लायमधून येत नाही, अर्थिंगच्या किंवा केबलच्या भानगडीतून येतो. घरघर ऐकू आली की ॲम्पचा व्हॉल्यूम शून्यावर आणायचा. बंद झाली तर ती बाहेरून, मिक्सरकडून येते आहे. तशीच राहिली आणि दोन्ही चॅनेलवर सारखी असेल तर मुख्य सप्लाय, एकाच चॅनेलवर असेल तर तो चॅनेल.

मीटरवर ही तपासणी अशी. ट्रान्सफॉर्मरची दुय्यम वाइंडिंग ५६-०-५६ व्होल्टची असेल, तर ५६ गुणिले १.४१ म्हणजे ७९, त्यातून डायोडचा एक व्होल्ट वजा, म्हणजे प्लस ७८ आणि मायनस ७८ यायला हवेत. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. चार-पाच व्होल्टचा फरक दिसला तर ज्या बाजूला कमी त्या बाजूचा कंडेन्सर किंवा ब्रिजचा अर्धा भाग संशयित. मग मीटर एसीवर ठेवून त्याच दोन टोकांवर मोजायचे. चॅनेल जोडून, आवाज न देता, इथे व्होल्टच्या छोट्या अपूर्णांकाहून जास्त काही दिसू नये. नवा कंडेन्सर १०० व्होल्टचाच घ्यायचा. ‘८० चाही चालतो’ म्हणून बसवलेला सुरुवातीला चालतो; रात्री उशिरा भार उतरून लाइन २४५ वर गेली की सप्लाय ८३ वर जातो आणि तो फुगतो. कंडेन्सरवरचा तापमानाचा आकडाही बघावा. ८५ अंशांचा आणि १०५ अंशांचा दिसायला सारखेच असतात, पण आतले तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य निम्मे होत जाते. कल्याण-शीळ रस्त्यावरची बांधकामाची आणि ट्रकची धूळ पंख्याच्या जाळीवर फेल्टसारखी बसते, त्या ॲम्पमध्ये ८५ चा घालणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काम आत्ताच घेऊन ठेवणे.

पावसाळ्याबद्दल दोन शब्द. चार महिने गोदामात पडून कंडेन्सर खराब होत नाही. त्याला काही वर्षे पडून राहावे लागते. तशा जुन्या ॲम्पला डिमरस्टॅटवर हळूहळू व्होल्टेज चढवत न्यावे. चार महिन्यांत बिघडतात ते कनेक्टर, रिलेचे पॉइंट आणि पंखे. झुरळे येतात, त्यांच्यामागे पाल येते, आणि ती मेन्सच्या दोन टोकांवर एकदम चढते. अशा ॲम्पचा बोर्ड ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पूर्ण वाळवून मगच सिरीजवर लावावा. जळलेला काळा कोळसा वीज वाहतो, तो खरवडून काढावा लागतो.

सॉफ्ट स्टार्टची एक खोड सांगतो. चालू होतानाचा धक्का कमी करायला मेन्सच्या वाटेत एक रेझिस्टर किंवा एनटीसी असतो, आणि सेकंदभराने रिले ‘टक्’ करून त्याला बाजूला सारते. रिलेचे पॉइंट करपले की रेझिस्टर वाटेतच राहतो. ॲम्प चालू होतो, हळू आवाजात छान वाजतो, आणि जोर दिला की बंद. पुढे रेझिस्टर जळतो आणि ॲम्प पूर्ण मरतो. जळका रेझिस्टर तेवढा बदलून ॲम्प परत देणाऱ्यांकडे तो महिन्याभरात पुन्हा येतो. रिलेही बदलायची असते.

क्रॉसओव्हर आणि इक्वलायझरचा सप्लाय छोटा: एक ट्रान्सफॉर्मर, ७८१५ आणि ७९१५ अशा दोन आयसी, त्यांतून प्लस १५ आणि मायनस १५. यांतला एक व्होल्टेज गेला तर पेटी मरत नाही, दिवे लागलेले राहतात, पण आवाज चिरका-फाटका येतो, आणि लोक स्पीकर बदलत बसतात. म्हणून ही दोन व्होल्टेज आधी मोजावीत. दोन्ही आयसी सारख्या दिसतात, पाय सारखे नाहीत. ७८१५ चे पाय इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७९१५ चे ग्राउंड, इनपुट, आउटपुट. ७८१५ ची धातूची पाठ ग्राउंडला असते, ७९१५ ची इनपुटला. त्यामुळे ७९१५ च्या पाठीमागचा अभ्रक फाटला की ती चॅसिसला टेकून शॉर्ट होते.

एसएमपीएसचे हलके ॲम्प अलीकडे वाढले आहेत. त्यांचे निदान वेगळे, आणि सिरीज बल्बवर ते चक्रावतात: व्होल्टेज कमी मिळाले की जास्त प्रवाह ओढतात, बल्ब लुकलुकतो. म्हणून पहिली तपासणी चॅनेल सोडवूनच करावी. मोठ्या कंडेन्सरवर ३२५ व्होल्ट आहेत पण पुढे काहीच नाही, तर कंट्रोल आयसीला सुरुवातीची वीज मिळत नसावी. यूसी३८४२ ही नेहमीची आयसी १६ व्होल्टला सुरू होते आणि १० च्या खाली बंद पडते. तिला वीज पोचवणारा मोठ्या किमतीचा रेझिस्टर ओपन झालेला असतो, किंवा तिच्या पायाशी असलेला छोटासा कंडेन्सर सुकलेला. ‘टिक्, टिक्, टिक्’ असा आवाज आला तर आयसी जिवंत आहे. पुढे डायोड शॉर्ट असल्याने ती सुरू होते आणि स्वतःला बंद करते. मॉसफेट उडाला असेल तर एकटा बदलू नये. त्याच्या गेटचा रेझिस्टर, सोर्समधला प्रवाह मोजणारा रेझिस्टर आणि आयसी, सगळे सोबत. नाहीतर नवा मॉसफेट पहिल्याच क्षणी फटाक्यासारखा वाजतो. आणखी एक: डिमरस्टॅट मेन्सपासून अलग करत नाही. स्कोपची ग्राउंड क्लिप एसएमपीएसच्या पहिल्या बाजूला लावण्याआधी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच.

इथवर ॲम्प दुरुस्त झाला. पण मेन्सवरचे जादा व्होल्टेज अडवणारा वॅरिस्टर काळा पडून फुटलेला असेल, तर ॲम्पला मारणारा अजून मंडपातच आहे. ४७१ छापलेला वॅरिस्टर सतत ३०० व्होल्ट एसी सोसण्यासाठी असतो. तो फुटला म्हणजे त्याहून जास्त आले होते, आणि २३० च्या लाइनवर ते येण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे तुटलेला न्यूट्रल.

शीळ-मुंब्रा-कळवा भागातले वीजवितरण १ मार्च २०२० पासून फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर पाहते, कल्याण-डोंबिवलीकडे महावितरण. पण मंडपाची जोडणी आणि जनरेटरची पेटी तर मंडपवालाच बांधतो, आणि न्यूट्रल तिथेच सुटतो. थ्री-फेजमध्ये एका फेजवर २००० वॉटचे हॅलोजन, दुसऱ्यावर ५०० वॉट ओढणारा रॅक. न्यूट्रल आहे तोवर दोघांना २३०. न्यूट्रल सुटला की दोघे ४०० व्होल्टच्या दोन फेजमध्ये सिरीजला येतात. सोपेपणासाठी दोघांना साधे रेझिस्टर मानले तर हॅलोजनचा रोध २६ ओम, रॅकचा १०६. ४०० व्होल्ट त्याच प्रमाणात वाटले जातात. हॅलोजनला ८०, रॅकला ३२०. हॅलोजन मिणमिणतात आणि रॅक जळतो. एका बाजूचे दिवे मंद आणि दुसऱ्या बाजूचे लख्ख झालेले दिसले तर धावत जाऊन मुख्य स्विच पाडावा, चर्चा नंतर.

दुसरा, संथ मारेकरी म्हणजे लांब बारीक वायर. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याचा रोध किलोमीटरला साधारण साडेसात ओम. मीटरपासून स्टेज ६० मीटर असेल तर जाऊन-येऊन १२० मीटर, ०.९ ओम, २० अँपियरला १८ व्होल्ट वायरीतच गेले. दीड चौरसची वायर असेल तर सुमारे ३०. नियमाने घरगुती दाबाच्या पुरवठ्यात सहा टक्के कमी-जास्त चालते, म्हणजे २१६ ते २४४. मीटरपाशीच २२५ असलेली लाइन या दीड चौरसच्या वायरीवर स्टेजला १९५ होते, प्लस-मायनस सप्लाय ७८ वरून ६६ वर येतो, आणि ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते म्हणून जेमतेम ७२ टक्के उरते. ऑपरेटर आवाज वाढवतो, ॲम्प क्लिप होतो, हॉर्नचे कॉइल जळते. बेसच्या ठेक्यावर मंडपातले दिवे लुकलुकत असतील तर हेच चालू आहे.

हम घालवायला अर्थिंगची पिन मोडणे हा तिसरा प्रकार, आणि मला सगळ्यांत जास्त राग याचा येतो. रॅकच्या स्क्रूंनी सगळ्या पेट्यांचे पत्रे एकमेकांना जोडलेले असतात. एका ॲम्पचा फेज पत्र्याला टेकला की माइक धरलेल्या हातापर्यंत २३० व्होल्ट पोचतात. हमला इलाज आहेत: मिक्सर आणि रॅकला एकाच पेटीतून वीज द्यावी, नाहीतर मिक्सरपासून रॅकपर्यंतच्या बॅलन्स्ड केबलची जाळी एका टोकाला सोडावी, किंवा ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालावा.

परत देण्याआधी ॲम्पला भारावर चालवावे. स्पीकर लावून तपासणे शेजाऱ्यांना परवडत नाही. १५०० वॉटच्या पाणी तापवायच्या रॉडचा रोध साधारण ३५ ओम. चार रॉड समांतर जोडून पाण्याच्या बादलीत सोडले की पावणेनऊ ओमचा भार झाला, आणि तो तापला तरी फारसा बदलत नाही. अर्धा तास चालवून प्लस-मायनस पुन्हा मोजावे आणि तारखेसकट झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवावे. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला तुलनेला आकडा मिळतो.

मग गिऱ्हाइकाला रॅकच्या वीज-पेटीत व्होल्टमीटर आणि ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले बसवायला सांगावे. वरची मर्यादा २७०, खालची १७०. थ्री-फेज जोडताना न्यूट्रल आधी जोडायचा, सोडताना शेवटी. रिलेला परत चालू होण्याचा विलंब निदान एक मिनिट ठेवावा. तेवढ्यात जनरेटर स्थिरावतो आणि ॲम्पमधला एनटीसी थंड होऊन पुढचा धक्का सोसायला तयार होतो.